मागची ओसरी

भूकंपानंतर लोहाऱ्याजवळचं आमचं गाव उठून माळावर आलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, शाळा, समाजमंदिर, सगळं बांधून मिळालं. मारुतीचं देऊळ मात्र गावानंच बांधायचं ठरलं. वडील गवंडी होते, त्यामुळं ते काम त्यांच्याकडं आलं. पडलेल्या देवळाचे दगड त्यांनी बैलगाडीनं नव्या जागी आणले.

जुन्या देवळाच्या पुढच्या ओसरीवर पुरुष बसायचे. आई पाण्याला जाताना पदर ओढून, खाली बघत तिथून झपाझप जायची. देवाला हातसुद्धा चालता चालताच जोडायची.

पाया आखायच्या दिवशी मी आईबरोबर भाकरी घेऊन गेले होते. दहाएक वर्षांची असेन. आईनं चुन्याच्या रेघा बघितल्या नि विचारलं, "ओसरी पुन्हा पुढंच का?"

"मग कुठं?" वडील म्हणाले.

"तुमी बसा की पुढं. आमी कुठं बसायचं? ज्यांची लेकरं गेली त्या बाया ऱ्हायला दिलेल्या पत्र्याच्या शेडमागं उभ्यानं रडल्या."

वडिलांनी भाकरी खाल्ली, हात धुतले. संध्याकाळी गाव जमलं तेव्हा म्हणाले, "मागच्या अंगालाबी एक ओसरी काढतो."

कुणीतरी हसलं. "देवाच्या पाठीमागं कोण बसतंय?"

"दगड उरल्यात, हात माझे हायेत," एवढंच वडील बोलले.

ओसरी झाली. पहिले काही दिवस तिथं चिटपाखरू नव्हतं. मग एका दुपारी आई निवडायची डाळ घेऊन तिथं जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी शेजारची आली. तिची मुलगी भूकंपात गेली होती. त्या ओसरीवर ती पहिल्यांदा मुलीबद्दल बोलली, तेव्हा बायांनी डाळीतले हात थांबवले. माझं लग्न ठरताना सासर कसं आहे याची चौकशीही आईनं तिथंच बसून केली.

मी सोलापूरला नांदायला आले. पुढं वडील गेले. गेल्या वर्षी भावाच्या मुलाचा फोन आला, "आत्या, देऊळ नवं बांधलंय. कळसाला या."

गेले. उंच शिखर, चकचकीत फरशी, स्टीलचं कुंपण. तेरखेड्याहून आणलेले फटाके वाजत होते. पोरांनी वर्षभर राबून हे उभं केलं होतं. भाच्याचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"लई भारी झालंय न्हाय, आत्या?"

"व्हय," मी म्हणाले. झालं होतंच. "मागची ओसरी?"

"ती काढली. प्रदक्षिणेला आडवी येत होती. आन् आता बसतंय कोण तिथं?"

ओसरी कुणी बांधली ते त्याला माहीत होतं. का बांधली ते माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं. तो मग हळूच म्हणाला, "आमाला हे कुणी सांगितलंच न्हाय की."

खरंच होतं. आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आईला दर्शनाला नेलं. तिनं मारुतीला डोळे भरून बघितलं, "देव लई छान दिसतोय," म्हणाली. मग माझा हात धरून देवळामागं आली. गुळगुळीत फरशीवर थोडा वेळ उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं.

"पाय दुखतेत गं," ती म्हणाली. "चल घरी."