‘म’चं डोहाळजेवण

आमच्या सुनेचं डोहाळजेवण श्रीरामपूरच्या एका प्रसूतिगृहात पार पडलं. सून ठणठणीत होती. आजारी मी होतो.

त्याचं असं झालं. बेलापूरला आमच्या शेतात, पाटाच्या कडेला मी दुपारचा लवंडलो होतो. पाटाला पाणी सुटलेलं, वारा गार, डोळे अर्धे मिटलेले. (उरलेले अर्धे उसावर लक्ष ठेवायला! ऊस कुठं पळून जात नाही, पण बायकोला सांगायला कारण लागतं.) त्या गुंगीत मला दिसलं, की पाटातून केळीची पानं वाहत येतायत, आणि पानांवर मेथी, मटकी, मूग, मका, मसूर, मुळा, मनुके! सगळं पौष्टिक आणि सगळं ‘म’चं. पाणी संथ, पानं संथ, मीही संथ. मला वाटलं, हा दृष्टांतच. डोळे चोळत तडक घरी आलो.

"प्राजक्ताच्या डोहाळजेवणाला सगळं ‘म’चंच करायचं!" मी जाहीर केलं.

"मोदक बी ‘म’चाच हाय की," आमची ही म्हणाली.

"मोदक पौष्टिक न्हाई."

"भात?"

"‘म’मधी बसत न्हाई."

"पोळी?"

"मक्याची भाकरी!"

"आन् पाणी? का मानसं तशीच मारायची?"

"मठ्ठा!" माझी तयारी पक्की होती.

"अवो, पोरीला तरी इचारा! इतके दिवस तिला भाताचा वास सोसत नव्हता. आत्ता कुठं वरणभात खाऊ वाटतोय. आई आली की तिच्या हातून खाईन म्हनती."

"वरणभात काय, उद्या बी खाईल. डोहाळजेवण रोज असतं का?"

हिनं कपाळावर हात मारला. मी तो होकार समजलो.

कार्यक्रमाच्या दिवशी शेवगावहून विहीणबाई आल्या. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत आमची प्राजक्ता झोपाळ्यावर अशी काही दिसत होती, की मी दारातच बघत उभा राहिलो. मग झाकलेल्या दोन वाट्या तिच्यापुढं आल्या. रीत साधी आहे. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण पेढा आणि बर्फी ‘म’मध्ये कुठं बसतात? मी एकीत मनुके ठेवले होते, दुसरीत मखाने.

प्राजक्तानं वाटी उघडली. मनुके!

"म्हंजी काय हुनार?" विहीणबाईंनी विचारलं.

आता आली का पंचाईत! ते ठरवायचंच राहिलं होतं. अर्ध्या बायका मुलगा म्हणाल्या, अर्ध्या मुलगी, आणि मी हळूच पंगतीकडं सटकलो.

पंगतीत प्राजक्तानं पान बघितलं. मटकी उचलून बघितली, मुळा सरकवून बघितला. मग हळूच म्हणाली, "नाना, भात न्हाई व्हय?"

तिचा चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं. (तेव्हा ते नुसतं मायेनं होतं!)

"व्याही," विहीणबाई कडाडल्या, "लेकीला घास भरवायला एवढ्या लांबून आले मी! आन् तुमी ही काय गुरांची वैरन मांडलीय?"

लोकांनी भराभर हात आखडले. आता माझी अब्रू माझ्याच हातात होती. "लई झकास झालंय!" म्हणत मी मटकी ओढली. मग मसूर, मग मका, मग कच्चा मुळा कराकरा चावला आणि वर तांब्याभर मठ्ठा.

जरा वेळानं पोटात नांगर फिरायला लागला.

गणेशनं, म्हणजे मुलानं, मला पिकअपच्या हौद्यात आडवं घातलं. "नानांना सोडून मी घरी न्हाई बसनार," म्हणत प्राजक्ता नटल्यासजल्या रूपात पुढं चढली. मागोमाग दोघी विहिणी. मी वर आभाळ बघत होतो. ढग सावकाश निघाले होते, मी मात्र खड्ड्याखड्ड्याला उडत होतो. गणेशला घाबरून एकच दवाखाना सुचला, जिथं बाळंतपणासाठी त्याच्या बायकोचं नाव घातलं होतं तो.

दारातच सिस्टर खुर्ची घेऊन धावल्या आणि प्राजक्ताला धरून बसवायलाच लागल्या. "घाबरू नको बाळा, लांब श्वास घे!"

"अवो, मी न्हाई! आमचे सासरे!"

सिस्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं. मग मुकाट्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली.

"गॅस धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिकामी खाट वॉर्डात तेवढी एकच होती, तिच्यावर मला इंजेक्शन देऊन निजवलं आणि मध्ये पडदा ओढला.

इंजेक्शनानं डोळे जड झाले. तेवढ्यात वास आला. गरम भात, वरण, तूप, लिंबू! विहीणबाईंनी समोरच्या खानावळीतून वरणभात आणला होता. माझ्या उशाशी स्टुलावर प्राजक्ता बसली होती आणि आई तिला भरवत होती. पोरीनं डोळे मिटले होते. "आई, आनखी एक घास," ती म्हणाली. खरं सांगतो, मला भरून आलं. एवढं गोड जेवताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पोटात पुन्हा नांगर फिरला. "मेलो! अगं आई गं, मेलो!" मी बोंब ठोकली.

पडद्यापलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला, "आजोबा, जरा दमानं घ्या. मला सकाळीच जुळी झाली, पन मी बी एवढी वरडले न्हाई!"