खंजिरीवर

मला सवत नव्हती, मठ होता. सवत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. मूल गावाहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, सागाच्या जंगलात तो मठ होता, आणि लग्नानंतरची आठ वर्षं मी त्याच्यावर जळत होते. तेही एकदाही न पाहता.

स्थळ आलं तेव्हाच मध्यस्थाने वडिलांना सांगितलं होतं, "पोरगा सात वर्षं मठात होता. बाबांच्या भजनात खंजिरीवर होता." आमच्या चांदा जिल्ह्यात त्या मठाच्या भजनाचं फार नाव होतं. पार सिरोंच्याहून माणसं येत. मराठी न कळणारी तेलुगू माणसंही तिथून डोळे पुसत परत जात, असं सांगत. माझे वडील धानाच्या गिरणीत कारकून, आणि गाण्याचे वेडे. खंजिरी हे ऐकल्यावर त्यांनी शेती किती हेसुद्धा धड विचारलं नाही. मी दाराआडून ऐकत होते. घरात रोज भजन होईल, नवरा वाजवेल, गाईल, मी वाती वळत बसेन, एवढा सगळा संसार मी तिथेच उभ्या उभ्या मांडून टाकला.

लग्न झालं आणि घरात सुराचं नाव नाही. पोराच्या बारशाला बायकांनी आग्रह केला तर हे लाजून गोठ्यात निघून गेले. गावच्या भजनात मागे भिंतीला टेकून बसायचे, टाळसुद्धा हातात घ्यायचे नाहीत. शेजारणीचा नवरा संध्याकाळी बैल धुताना असा काही रेकायचा की बैलही मान फिरवायचे, पण तो बायकोला ऐकू जाईल असा गायचा. मला तिचाही हेवा वाटायचा. आमच्या घरात ह्यांच्या तोंडून निघणारा सगळ्यात सुरेल शब्द म्हणजे थंडीच्या दिवसांत सकाळी न्हाणीतून येणारा "झालं" हा होता. बैलांसाठी लवकर उठायचे, तेव्हाच माझ्या अंघोळीचं पाणीही तापवून ठेवायचे. पाणी कोणीही तापवतं. त्याचं मला काय कौतुक असणार?

मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की ह्यांनी सगळं गाणं तिकडे वाहून टाकलं आणि माझ्याकडे रिकाम्या गळ्याने आले. मठाचा विषय निघाला की ह्यांचा चेहरा उजळायचा, आणि तो उजळला की माझ्या पोटात आग पडायची. मठातले बाबा वारले तेव्हा हे तीन दिवस जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण माझं कारण वेगळं होतं. माझ्या बापाच्या मरणाला ह्यांनी एका दिवसात जेवण घेतलं होतं, ते मला आठवत होतं.

बाबांमागे शिष्य पांगले. कोणी घरी गेले, कोणी दुसरीकडे मठ धरला. चार वर्षांत तिथे कोणी उरलं नाही, असं कानावर आलं. मग एका पौषात, धान चुरून मळणी आटोपल्यावर, मीच म्हटलं, "मला तुमचा मठ दाखवा." ह्यांना वाटलं, बायकोला भक्ती सुचली. माझ्या मनात वेगळंच होतं. गाणं जिथे ठेवलं तिथे तरी ते ह्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं. एकच भजन. त्याशिवाय परत यायचं नाही.

पोराला सासूबाईंकडे ठेवलं आणि पहाटे गाडी जुंपली. दुपारी पोचलो. मला वाटलं होतं तसं भव्य तिथे काहीच नव्हतं. सागाच्या खांबांचा एक लांब मांडव, छपराची निम्मी कवेलू खाली आलेली. मांडवाच्या टोकाला बाबांचा बसायचा मातीचा ओटा, त्यावर वाळवीने घर केलेलं. भिंतीला खुंट्यांची रांग होती आणि एका खुंटीवर एक खंजिरी अजून लटकत होती. तिचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं, नुसतं लाकडी कडं आणि त्यातल्या पितळी चकत्या राहिल्या होत्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. शेतात घुसलेली म्हैस बांधावरून हाकलून दिल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

हे मात्र चप्पल बाहेर काढून आत गेले, ओट्याला डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

उठल्यावर मी म्हटलं, "म्हणा आता एखादं."

"काय?"

"भजन. बाबांना म्हणून दाखवत होता ते."

हे ओशाळं हसले. "मले कुठी येते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं घरात येत नव्हतं ते मी समजू शकत होते. पण इथेही नाही? म्हणजे मीच नको होते ऐकायला. मी फाडकन बोलले, "मी कानात बोळे घालून गाडीत जाऊन बसते. मग तरी गाल ना?" हे खाली बघत पायाने कवेलूचा तुकडा सरकवत राहिले.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी मांडवाशी येऊन थांबली. पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावरची. मठ चालता असताना ती अंगण सारवायला यायची. ह्यांना तिने लगेच ओळखलं. मोळी खाली टाकली आणि ओरडली, "अवो, शेकोटीवाले भाऊ! तुमी होय का?"

"शेकोटीवाले?" मी विचारलं.

"मंग! सात वरीस आगटीपाशी बसले हे. खंजिरीवर होते ना." तिला माझं तोंड बघून कळलं असावं की मला काही कळलेलं नाही. "अवो बाई, खंजिरीले घोरपडीचं कातडं राह्यते. हवेनं ते उतरते. दोन भजनं झाली का आवाज ढप्प. मंग आगटीवर शेकून चढवा लागते. कमी शेकलं तं बोलत नाई, जास्ती शेकलं तं फुटते. हे मांगं बसून एक शेकाचे, एक द्याचे."

"आणि वाजवायचं कोण?"

"बाबा! दुसरं कोन वाजवन?"

"आणि हे गायचे?"

म्हातारी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. "हे? यायले बाबानं पैल्या दिवशीच सांगतलं, तू तोंड नको उघडू, बापा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तबल्यावर अमका, पेटीवर तमका, तसं खंजिरीवर हे. ऐकणारा दुसरं काय समजणार? आमचे वडील तसेच समजले, मी तशीच समजले, सगळं गाव तसंच समजलं.

"सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"तू इचारलीच कुठी? मी तं सांगितलो होतो, खंजिरीवर होतो मनून." ह्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. एखादा 'नाक्यावर होतो, गिरणीवर होतो' म्हणतो, तसे हे खंजिरीवर होते.

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. आठ वर्षं मी ज्या गाण्यावर जळले ते नव्हतंच.

म्हातारी पाड्यावर जाऊन मठातली, आपल्या घरात आढ्याला टांगून जपलेली एक खंजिरी घेऊन आली. कातडं शाबूत होतं, पण बोट मारलं तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. ह्यांनी ओट्यामागच्या जुन्या खळग्यात काटक्या पेटवल्या, निखारा होऊ दिला आणि खंजिरी त्यावर धरून हळूहळू फिरवायला लागले. मधूनच बोटांची मागची बाजू कातड्याला लावायची, मान थोडी वाकडी करायची, पुन्हा फिरवायची. आणि काय तो चेहरा! विझलेली जळजळ पुन्हा उसळली. आठ वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं. गाणं नव्हतं तर नव्हतं, पण हे सगळं लक्ष, ही माया त्या घोरपडीच्या कातड्याला मिळाली होती.

शेवटी ह्यांनी बोट मारलं. टण्ण. मांडवातून दोन पारवे उडाले.

"झाली," हे म्हणाले, आणि सवयीने हात पुढे केला, ओट्याच्या दिशेने. ओट्यावर कोण असणार? हात तसाच राहिला. मी जवळच उभी होते. एक पाऊल पुढे टाकून मला ती घेता आली असती. मी घेतली नाही. माझा राग तेवढा होता.

परतीच्या वाटेवर जंगल मागे पडलं. मग मीच विचारलं, "बाबा काय म्हणायचे, तुम्ही दिल्यावर?"

"काई नाई. नुसता हात मांगं करत. सात वर्षांत एकदाबी मांगं पाह्यलं नाई त्यायनं." हे अभिमानाने सांगत होते. "पाहाची गरजच नोती. देल्ली ते बरोबरच राहे."

मला बाबांचा भयंकर राग आला. एवढा मोठा महात्मा, आणि पाठीमागे बसलेल्या माणसाकडे एकदा वळून बघता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघरात पाठमोरी बसून वेणी सोडत होते. न्हाणीतून आवाज आला, "झालं." मी नेहमीसारखा हात मागे केला, टॉवेलसाठी. रोज हे तो माझ्या हातात देत. पाणी कधी कोमट नव्हतं, कधी चटका बसला नव्हता. आठ वर्षं. मला बघायची गरजच पडली नव्हती.

हात तसाच हवेत राहिला. मग टॉवेल हातात यायच्या आधीच मी न्हाणीच्या दाराकडे वळले.

हे हंड्याशी उकिडवे बसले होते, बोटांची मागची बाजू पाण्याला लागलेली, मान थोडी वाकडी. मी बघतेय म्हटल्यावर दचकले.

"काऊन? जास्ती ऊन झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर चढलंय."