‘सापडलं नाही’ या ओळीची दुरुस्ती

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं दोन खोल्यांच्या घरात तहमीना शेख सूचना लिहायचं काम करायची. बी.एस्सी. झाल्यावर सहा वर्षं तिनं पाण्याच्या पंपांची आणि फवारणीयंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली होती. लोक यंत्र खोक्यातून काढायचे आणि पुस्तक खोक्यातच ठेवायचे. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

गेल्या वर्षी मात्र तिला शब्दन् शब्द वाचणारा वाचक मिळाला. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं एआय एजंटसाठी, म्हणजे प्रश्न विचारला की आपणहून फाइली चाळून उत्तर देणाऱ्या प्रोग्रामसाठी, शोधाचं एक साधन बनवलं आणि त्याच्या सूचना लिहायला तहमीनाला नेमलं. शेकडो फाइलींत एखादा शब्द कुठं कुठं आहे, ते हे साधन क्षणात दाखवायचं. ते कसं वापरायचं आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे एजंटला तहमीनाच्या मजकुरावरूनच कळायचं. त्यात तिची एक ओळ होती : ‘शोधात काही सापडलं नाही, तर ती गोष्ट फाइलींमध्ये नाही.’ सुटसुटीत ओळ. लिहिली तेव्हा ती तिला आवडली होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सव्वाअकराच्या सुमारास, ती एजंटला आलेले प्रश्न वाचत बसली होती. शिरूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात हे साधन चाचणीसाठी दिलं होतं. तिथले ऑपरेटर पाळीच्या नोंदी मोबाइलवर मराठीत टाइप करायचे. त्या सकाळी केंद्रातून प्रश्न आला होता : ‘दोन नंबरच्या अमोनिया लाइनवर सहा महिन्यांत गळतीची तक्रार आहे का? बारा वाजता तिथं वेल्डिंग सुरू करायचं आहे.’

एजंटनं ‘गळती’ हा एकच शब्द शोधला होता. निकाल शून्य. त्यानं उत्तर दिलं होतं : ‘नाही. गळतीची एकही तक्रार नाही.’

दूध थंड करणाऱ्या यंत्रणेतला अमोनिया वायू सुटत असेल, तर वेल्डिंगच्या ठिणगीनं भडका उडू शकतो, हे तहमीनाला माहीत होतं. गळती? पाळीवरचा कोणता माणूस असा पुस्तकी शब्द लिहील? तिनं स्वतः शोध लावला. ‘लिकेज’ : काही नाही. ‘लीकेज’ : एक नोंद, तीही पाण्याच्या पंपाची. मग तिनं लिहिलं, ‘वास’.

नऊ नोंदी आल्या. त्यांतल्या चार दोन नंबरच्या लाइनच्या. शेवटची तीनच दिवसांपूर्वीची : ‘दोन नंबर लाईनीच्या जोडापाशी वास मारतोय. डोळं चुरचुरत्यात. हौसराव.’

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. तिनं पुण्याला विनोदला, आपल्या टीमच्या प्रमुखाला, फोन लावला.

“मीटिंगमध्ये आहे. मेल टाक ना,” तो हळू आवाजात म्हणाला.

“विनोद, तिथं बारा वाजता वेल्डिंग आहे. एजंटनं चुकीचं उत्तर दिलंय.”

“क्लायंटला आपण थेट फोन करत नाही. मी बघतो दुपारी.” फोन बंद झाला.

दुपारी! तहमीना उठली, खिडकीपर्यंत गेली, परत बसली. नोकरी अजून कायम झाली नव्हती. पण ओळ तिची होती. तिनं फाइलींत ‘मोबाईल’ शोधलं, मिळालं नाही. ‘फोन’, नाही. ‘मो. नं.’ टाकलं तेव्हा पाळीवाल्यांची यादी उघडली. सुपरवायझर विश्वजीतचा फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसरा तिनं हौसरावांना लावला.

“कोन बोलतंय?” मागं कॉम्प्रेसर घरघरत होता.

“मामा, मी तहमीना, दौंडवरनं. तुमच्या नोंदी शोधणारं ते कॉम्प्युटरचं आहे ना, त्या कंपनीतली. दोन नंबरच्या लाइनला वास येतो, असं तुम्ही लिहिलंय?”

“व्हय, लिवलंय की! चारदा लिवलं. आन् सायेब आज सकाळी म्हनत्यात, मशिनीत बगितलं, तक्रारच न्हाई.”

“मशिननं चुकीचं सांगितलं, मामा. वेल्डिंग थांबवा.”

“आवं, गडी वर चढलं बी...” एवढं बोलून त्यांनी फोन तसाच सोडला असावा. तिला धावणारी पावलं ऐकू आली, “ए, खाली उतरा! बंद करा त्ये!” अशी आरोळी ऐकू आली, काहीतरी लोखंडी आपटलं आणि फोन कट झाला.

तिनं पुन्हा लावला. कुणी उचलेना. बारा वाजले, सव्वाबारा झाले. आतून अब्बांनी जेवायला हाक मारली, ती जागची उठली नाही. फोन उलटा ठेवला, सुलटा केला. आपण उशीर केला का, त्या पाच मिनिटांत विनोदला फोन करायलाच नको होता का, हेच डोक्यात फिरत राहिलं.

साडेबाराला विश्वजीतचा फोन आला. “मॅडम, जोडाला ओला लाल लिटमसचा कागद धरला, तर लगेच निळा झाला. गॅस सुटतोय. वर तीन माणसं होती. ठिणगी पडायच्या आत उतरवली.”

“सगळे ठीक आहेत?”

“ठीक हायेत.”

तहमीनानं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

संध्याकाळी विनोद आधी चिडला, मग तिनं पाठवलेला अहवाल वाचू लागला. त्यातलं पहिलंच वाक्य ‘चूक माझ्या लिखाणाची आहे’ असं होतं. तो म्हणाला, “स्वतःचं नाव कशाला घालतेस? साधनाच्या मर्यादा, असं लिही.”

“साधनानं त्याचं काम चोख केलं, विनोद. जी अक्षरं दिली, ती शोधली. सापडलं नाही म्हणजे घडलंच नाही, हे मी शिकवलं.”

तिनं ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं : ‘हे साधन फक्त दिलेली अक्षरं जुळवतं. काही सापडलं नाही, तर तेवढीच अक्षरं सापडली नाहीत असं समजा. त्याच अर्थाचे दुसरे शब्द, वेगळं ऱ्हस्वदीर्घ, बोलीतली रूपं शोधा. उत्तरात कोणते शब्द शोधले ते सांगा.’ विनोदनं एक अक्षरही न बदलता ते पुढं पाठवलं.

गुरुवारी ती दौंडहून न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला गेली. हौसराव सत्तावन्न वर्षांचे, भुवया पांढऱ्या झालेले. केंद्राच्या फाटकाजवळच्या बाकावर त्यांनी तिला पाळीवाल्यांचे शब्द सांगितले : वास मारतो, झिरपतंय, डोळं चुरचुरत्यात, ठसका लागतो, जोड ढिला. सूचनांत घालायला तिनं वहीची दोन पानं भरली.

परतीची एसटी सुटली आणि त्यांचा फोन आला. “ताई, तिसऱ्या पाळीचा गडी ‘फुसफुस करतंय’ आसं लिवतो बगा. त्ये घातलं का?”

“नाही की, मामा,” ती म्हणाली आणि हलत्या गाडीत वही शोधू लागली.