मदाइन सालेहच्या थडग्यांसमोर ओतलेला चहा

जेद्द्याहून मदाइन सालेह सातशे किलोमीटरच्या आसपास पडते. आमच्या ऑफिसातल्या हौशी मंडळींनी फोटो दाखवून असे काही भरीला घातले, की पिरॅमिड पाहायला इजिप्तला जाणारा माणूस मूर्खच ठरावा. दगडात कोरलेली थडगी, दोन हजार वर्षांची, शंभराच्या वर! आकडा ऐकून मीही फसलो. त्या शंभरांत नव्वद एकासारखी एक आहेत, हे कोणी सांगितले नाही.

२००६ च्या ईदच्या सुट्टीत मी, सौ. आणि हसनभाई निघालो. हसनभाई दापोलीकडचे, आमच्या कंपनीत एसी मेकॅनिक. बारा वर्षे दर शुक्रवारी ते जेद्द्याच्या बलद भागातल्या आमच्या घरी जेवायला असत. आता त्यांचा खुरूज (कायमचे मायदेशी परतण्याचा शिक्का) लागला होता आणि पुढच्या आठवड्यात ते जाणार होते. शेवटची एक सहल एकत्र व्हावी, ही सौ.ची इच्छा. तिकडे पाहण्यासारखे काही नाही, असे हसनभाई एकदा म्हणाले, पण सौ.चा हिरमोड नको म्हणून गाडी चालवायलाही तेच बसले. मदिनेजवळ बिगरमुस्लिमांसाठी वेगळ्या रस्त्याची पाटी आली. हसनभाईंनी गाडी तिकडे वळवली.

मुक्काम अल उला गावात केला. लॉजची चादर किती जणांनी वापरली होती, याचा हिशोब मी केला नाही. सकाळी फाटकावरच्या शिपायाने परवाना उलटा धरून वाचला, आमचे इकामे (राहण्याचे परवाने) पाहिले आणि हात हलवून आत सोडले.

लांबून देखावा बरा दिसतो, हे मान्य. सपाट वाळूत तांबूस खडक उभे आणि त्यांवर तीन-चार मजली इमारतीएवढी कोरलेली दर्शनी बाजू. खांब, कंगोरे, दारावर गरुड. एवढ्या थाटाच्या दारातून आत शिरावे तर आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली! भिंती ओबडधोबड, छिन्नीचे घाव तसेच सोडलेले. मुडद्यांसाठी भिंतीत फडताळे खोदलेली, तीही वाकडी. मुडदे केव्हाच गेले. आत वटवाघळांचा वास आणि कोणीतरी टाकलेला सरबताचा डबा. खर्च सगळा बाहेरच्या बाजूवर. दारावरच्या लेखात म्हणे, या कबरीत परक्याला पुरले किंवा ती विकली तर दंड. म्हणजे मेल्यावरही सोसायटीचे नियम. अशी पाच थडगी पाहिली आणि सहाव्याला मी बाहेरूनच नमस्कार केला.

हसनभाई एकाही थडग्यात आले नाहीत. गाडीपाशी मान खाली घालून उभे होते.

घोटाळा झाला तो दुपारी. पाण्याचा कॅन डिकीत कलंडून रिकामा झालेला. जवळच खजुराची बाग होती. तिथल्या सुदानी मजुराने विहिरीच्या पंपावरून सौ.ला किटली भरून दिली. थडग्याच्या सावलीत तिने छोटा गॅस पेटवून आले घातलेला चहा केला आणि पहिला पेला हसनभाईंना दिला. ते पेला घेऊन गाडीमागे गेले. मी रुमाल घ्यायला गेलो, तर ते चहा वाळूत ओतत होते. माझ्या मागोमाग सौ. आली. तिनेही पाहिले.

सामान भरले, निघालो. बारा वर्षे आमच्या ताटात जेवलेला माणूस जाता जाता आमच्या हातचा चहा ओततो, एवढेच माझ्या डोक्यात घोळत होते. फाटक मागे पडले. शेवटी सौ.नेच विचारले.

"हसनभाई, चहा वाईट झाला होता की आम्ही?"

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"वहिनी, असा बोलू नका ओ. चहाचा नाय, पाण्याचा सवाल होता."

मग त्यांनी सांगितले. या वस्तीवर देवाचा कोप झाला, असे ते मानतात. पैगंबर इथून जात असताना त्यांनी लोकांना इथल्या विहिरींचे पाणी पिऊ दिले नव्हते. त्या पाण्यात मळून ठेवलेली कणीकसुद्धा उंटांना घालायला लावली. इथे रमायचे नाही, हसायचे नाही, पुढे निघून जायचे.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं केला. मी बोललो असतो, तर तुम्हीपण पेला खाली ठेवला असता."

"म्हणजे आम्ही कोपाचं पाणी प्यायलो तरी चालेल?" सौ. म्हणाली. "आमची बरी काळजी केलीत."

हसनभाई आधी ओशाळले आणि मग दिवसभरात पहिल्यांदा हसले.

अल उलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर त्यांनी बाटलीबंद पाणी घेतले. तिथेच, टायरच्या दुकानाच्या आडोशाला, सौ.ने पुन्हा गॅस पेटवला. आले संपले होते. हसनभाई दोन पेले प्यायले आणि तिसरा मागितला. पुढच्या गुरुवारी आम्ही त्यांना विमानतळावर सोडून आलो.

मदाइन सालेह कसे आहे, असे लोक अजून विचारतात. मी सांगतो, एक थडगे पाहा आणि परत फिरा. बाकीची तशीच आहेत. पाणी मात्र घरून भरपूर न्या, आणि सोबतचा माणूस कुठले पितो ते आधी विचारून घ्या.