जिन्याचा दाखला

माझी भोपाळला बदली झाली, म्हणून मी इंदूरचा फ्लॅट विकला. माझे नातेवाईक ही हकीकत एवढीच सांगतात. मधलं मी सांगतो, कारण ते सांगायला दुसरं कुणी तयार होणार नाही.

छप्पन साली राजधानी इंदूरहून भोपाळला गेली तेव्हापासून इंदूरचे आम्ही कारकून एकेक करून तिकडे हाकलले जात होतो. मला तिथे क्वार्टर मिळालं होतं. बायको-मुलं पुढे गेली होती, शाळा सुरू झाल्या होत्या. मागे उरलो मी आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आमची सोसायटी मराठी माणसांची. बहुतेकांचे आजे-पणजे संस्थानच्या पदरी, कुणी शिलेदार, कुणी दप्तरात. संस्थान विलीन झालं, ताठा मात्र जागच्या जागी होता. फ्लॅट कुणालाही विकायचा तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागायचा.

गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं. महूच्या लष्करी वर्कशॉपात विजेचं काम करून रिटायर झालेले हवालदार. जुनी इंदूरमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचे. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, दोन मुली शिकत होत्या. घर बघायला येणारे लोक आधी खिडकीतून बाहेर बघतात. यांनी आधी मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं.

"वायरिंग पुरानी आहे साहेब, पण ज्याने केली त्याचा हात साफ होता," ते म्हणाले.

मला माणूस आवडला. व्यवहार ठरला. सोसायटीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'बौद्ध' असं लिहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी संस्थानच्या महसूल खात्यात होते, आता पेन्शनर. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. फ्लॅटचं वायरिंग सुरक्षित आहे असा लायसन्सवाल्या ठेकेदाराचा दाखला जोडावा. हवालदार हसले. घर अजून त्यांचं झालं नव्हतं, तरी दोन दिवस शिडीवर चढून त्यांनी सगळी तार बदलली, मग ठेकेदाराला आणून तपासून घेतली आणि दाखला दिला. लगेच सोसायटीच्या वकिलाची चौकशी आली. फ्लॅटवर कर्ज, दावा किंवा कुणा वारसाची तक्रार नाही असं प्रतिज्ञापत्र हवं. ते मी स्टॅम्प पेपरवर करून दिलं. मग तिसरं पत्र. जिना आणि गॅलरी नव्या कुटुंबाचं वजन सोसेल, असा इंजिनियरचा दाखला आणावा.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं कारकुनी करून मला हे पहिल्याच पत्राला कळायला हवं होतं. ज्याचं काम करायचं नाही त्याला नाही म्हणायचं नसतं. एका वेळी एकच त्रुटी काढायची. ती पुरी झाली की दुसरी. सगळ्या एकदम कधीच सांगायच्या नाहीत. माणूस आपोआप थकून जातो आणि फायलीवर नकार कुठेच दिसत नाही. ही विद्या मी माझ्या वरिष्ठांकडून शिकलो आणि पुढे चार जणांना शिकवलीही. तेव्हा समोरच्या माणसाचं काय होतं, याचा विचार करायचा मला पगार नव्हता.

मी सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"आम्ही पाच जणं सात वर्षं त्या जिन्यावरून चढलो-उतरलो," मी म्हणालो. "हे तर चारच आहेत. वजन कशाचं वाढतंय?"

"भिया, सेफ्टी म्हणजे सेफ्टी. कल कुछ हो गया तर जवाबदार कोण?"

"कोण नको आहे ते सरळ सांगा ना."

"आम्ही ना थोडीच म्हणतोय? कागद पूरे करा, दाखला घेऊन जा." सुपारीचं खांड तोंडात टाकून ते म्हणाले, "तुम्ही तर जाताय भोपाळला. हमें तो यहीं रहना है."

त्या माणसाला त्याच ओट्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. मी चहा पिऊन परत आलो.

हवालदारांनी इंजिनियरही आणला. मोजमाप झालं, दाखला झाला. मग आगीच्या सुरक्षिततेचं चौथं पत्र. स्वयंपाक चुलीवर, शेगडीवर की स्टोव्हवर होणार, आणि घरात काय काय शिजवलं जातं, ते लिहून द्यावं. दर रविवारी सेक्रेटरींच्या घरच्या मटणाचा वास आमच्या गॅलरीपर्यंत यायचा, त्याची आगीच्या दृष्टीने कुणी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. हवालदारांनी ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्या प्रश्नापुढे 'स्टोव्ह' लिहिलं. दुसऱ्यापुढे रेघ मारली.

"हे सेफ्टीचं नाही, साहेब," ते म्हणाले.

अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी स्वतः एक गिऱ्हाईक घेऊन आले. बँकेतले अधिकारी, 'आपल्यातलेच'. त्यांना ना हरकत दाखला संध्याकाळच्या चहाबरोबर मिळाला. जिन्याचा कागद नाही, वकिलाचा नाही, स्टोव्हचा तर नाहीच. नवं वायरिंग बघून ते खूश झाले आणि मला म्हणाले, घर छान ठेवलंय तुम्ही. मी आभार मानले. मग खरेदीखतावर सही केली. हजर होण्याची मुदत संपत आली होती, बायकोची पत्रं येत होती, ही सगळी कारणं खरी आहेत. त्यातलं एकही पुरेसं नाही.

हवालदारांचा बयाणा, वायरिंगचा खर्च आणि त्यांचे कागद परत द्यायला मी जुनी इंदूरला गेलो. त्यांनी खुर्ची दिली, त्यांच्या बायकोने पाणी दिलं. झालं ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मला फक्त एक कागद द्या," ते म्हणाले. "माझ्याकडून काय काय मागितलं आणि त्यांच्याकडून काय नाही मागितलं, तारखांसह. खाली तुमची सही. कायदा आहे साहेब. पुढचं मी बघतो."

थोरल्या मुलीने वही आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा तो कायदा मला माहीत होता. त्याची परिपत्रकं माझ्याच टेबलावरून पुढे गेली होती. चारही पत्रांच्या तारखा तोंडपाठ होत्या. एका पानाचं काम. असली पानं मी दिवसाला वीस लिहीत असे. पण सोसायटीत माझा चुलतभाऊ राहत होता, मुलींची लग्नं याच लोकांत व्हायची होती, आणि नोकरीच्या ज्येष्ठता यादीत कुणी माझं नाव खालीवर केलं असतं तर ते निस्तरायला मी भोपाळमध्ये कुणाला ओळखत नव्हतो.

"मी सरकारी माणूस," मी म्हणालो. "मला लेखी काही देता येणार नाही."

मुलगी बापाकडे बघत राहिली. हवालदारांनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि तिच्या हातात दिलं.

"मला वाटलं होतं, तुम्ही त्यांच्यातले नाही," ते म्हणाले.

मी उंबऱ्याशी जाऊन चपला घातल्या.