पेन-अ-व्हॅनच्या पायथ्याचं तिकीट

२ मार्च २०२५, रविवार. साडेसात पाऊंड. वेल्समधल्या पेन-अ-व्हॅन डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायचं दिवसभराचं तिकीट. त्यावर नंबर श्रीनिवासच्या गाडीचा होता, आणि गाडी त्या दिवशी कार्डिफमध्ये त्याच्या दारात उभी होती.

श्रीनिवास कार्डिफच्या एका हॉस्पिटलात हिशेब खात्यात होता. मार्च म्हणजे इयर-एंड, बाकी सगळं बंद. डोंगर बघावा तर नेमका त्याच दिवसांत, असं राजीवचं म्हणणं. राजीव त्याचा वीस वर्षांचा मित्र, निवृत्त भूलतज्ज्ञ. तो दरवर्षी बोलवायचा आणि श्रीनिवास दरवर्षी एप्रिलवर ढकलायचा. त्या हिवाळ्यात राजीवच्या हृदयाने दोनदा दगा दिला होता. पायथ्याच्या ओढ्यापर्यंतच चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शनिवारी संध्याकाळी श्रीनिवास त्याच्याकडे चहाला गेला.

"उद्या आठला निघतोय. चल," राजीव म्हणाला.

"ताळेबंद जुळत नाहीये रे."

"बर्फ काही एकतीस मार्चपर्यंत थांबत नाही, श्री. मीही थांबेन की नाही, बघ."

"अभद्र बोलू नकोस."

राजीव कप ठेवायला आत गेला. दारात त्याची नात अन्वी बूट काढत होती. निघताना आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. "येतो गं," श्रीनिवास तिला म्हणाला आणि घरी गेला.

अन्वी अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिच्या लेखी 'येतो' म्हणजे येतोच. तिने आत जाऊन सांगितलं, "श्रीआजोबा उद्या येणार."

श्री परस्पर पायथ्याशीच येईल असं धरून रविवारी राजीवने तिथे दोन तिकिटं काढली, एक त्याच्या गाडीचं. श्रीला पैशांची सबब नको. डोंगराखाली फोनला रेंज नव्हती. माथा स्वच्छ दिसत होता. "येतच असेल," म्हणत तो नातीला घेऊन अडीच तास गाडीत बसला. मग ढग उतरले, ओढाही दिसेनासा झाला. दोघं न चालताच परतली.

सोमवारी फोनवर राजीव एवढंच म्हणाला, "काल ढग आले. पुढच्या वर्षी बघू."

"एप्रिलमध्ये नक्की," श्रीनिवास म्हणाला. काल काय झालं, हे त्याने विचारलं नाही. समोर आकडे होते.

मेमध्ये राजीव गेला.

त्याचे कोट चॅरिटी शॉपला देताना त्याच्या बायकोला, सुनीतीवहिनींना, खिशात ते तिकीट सापडलं. नंबर ओळखून त्यांनी श्रीनिवासला बोलावलं.

"मला वाटला तुम्ही येणार," अन्वी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "तुम्ही येतो म्हणालात ना. मीच आजोबांना सांगितली."

"तुझं काही चुकलं नाही," श्रीनिवास म्हणाला.

यंदा एक मार्चला ताळेबंद तसाच टाकून तो अन्वीला घेऊन निघाला. वाळलेलं नेचं गंजासारखं तांबडं पडलं होतं. उत्तरेच्या घळींत बर्फाच्या दोन-तीन रेघा उरल्या होत्या. आभाळ धुतल्यासारखं फिकट निळं, आणि एका ढगाची सावली उतारावरून मेंढ्यांना ओलांडत चालली होती. ओढ्यापाशी दोघं पंधरा मिनिटं बसली. राजीव एवढंच मागत होता. घरून तासाभराची वाट.

परतल्यावर त्याने वहिनींपुढे साडेसात पाऊंड ठेवले.

"मला कशाला, भावजी? मी कुठे भरले होते?" त्यांनी पैसे त्याच्याकडे सरकवले.

राजीवचे साडेसात पाऊंड श्रीनिवासकडे अजून बाकी आहेत.