मान कलती करून ऐकणारा माणूस

ते मला बघायला आले तेव्हा आमच्या हदगावच्या घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. दात पुढे, केस विरळ, सदरा एक माप मोठा. मावशी स्वयंपाकघरात कुजबुजली, "अगं बाई, फोटो दुसऱ्याचाच धाडला का काय!" मी मात्र तिथंच भाळले. का, तर मी बोलायला लागले की ते मान जराशी कलती करायचे आणि माझं वाक्य संपेपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही पाच भावंडं. माझं वाक्य तोवर कुणी पुरं होऊच दिलं नव्हतं. रूप काय चाटायचंय, असं मावशीला तोंडावर सांगून मी होकार दिला.

लातूरला ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, बसच्या बस भरून पोरं उतरायची. सर शंका पुरती ऐकून घेतात, मधे तोडत नाहीत, असं ती पोरं सांगायची. मी फुगायची.

लग्नाला वर्ष झाल्यावर त्यांच्या चुलतीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी कितीतरी महिने त्यांच्या गावात जमिनीखालून गुरगुर ऐकू यायची. लोकांना सवय झाली होती. त्या पहाटे धाकटी बहीण यांना म्हणाली, "दादा, खाली वाजून राहिलंय." हे म्हणाले, "काय न्हाई, झोप." हे वाचले. ती ढिगाऱ्यात सापडली, दुसऱ्या दिवशी.

"तवापासनं असंच ऐकतंय बघ ते लेकरू," चुलती म्हणाली. "तुझं न्हाई गं. खालचं."

मला आधी रागच आला, वाईट नंतर वाटलं. म्हणजे वर्षभर मी जीव ओतून बोलून राहिले होते आणि हा बाबा जमिनीला कान लावून बसला होता! पण खरं सांगते, तरीही ती कलती मान मला हवीच होती. ती नसती तर माझ्या संसारात मला कुणी ऐकणारं नव्हतं.

लेक चार वर्षांची झाली तेव्हा शेजारच्या प्लॉटवर एका नव्या क्लासचा पाया खोदायला घेतला. दिवसभर मशीनचा गोंगाट चालायचा. दुपारी मजूर जेवायला बसले की सगळं बंद. त्या शांततेत मला आमच्या फरशीखालून आवाज यायला लागला, माती सरकल्यासारखा. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. आणि नेमके तेव्हाच हे जेवायला घरी यायचे.

यांनी हे ऐकलं की संपलं, मला वाटलं. मग हा माणूस माझा उरायचा नाही.

मग मी बोलत सुटले. भाजीवालीचं भांडण, भावाची सोयाबीन, मावशीचे गुडघे, जे सुचेल ते, वरच्या पट्टीत. "लई बोलून राहिलीस आजकाल," ते हसून म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं, आणि मलाही.

नवव्या दिवशी लेकीचा घास हातातच राहिला. "बाबा, खाली वाजतंय."

"काही नाही, जेव तू," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा शत्रूलाही दिसू नये. उष्ट्या हातानंच त्यांनी लेकीला उचललं आणि बाहेर धावले. मीही मागोमाग पळाले.

संध्याकाळी आमची कंपाउंडची भिंत त्या खड्ड्यात गेली, दारापुढच्या दोन पायऱ्या घेऊन. लेक रोज दुपारी जेवण झालं की त्याच भिंतीच्या कडेनं तीनचाकी चालवायची. तिची सायकलही आत गेली.

आम्ही रस्त्यापलीकडे उभे होतो. लेक त्यांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी हळूच विचारलं, "तुला आधी ऐकू आलं होतं का गं?"

आठ दिवस ऐकत होते मी. त्यांना ऐकू येऊ नये म्हणून तर तोंडाचा पट्टा चालवला होता.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी मान कलती केली आणि माझं उत्तर ऐकून घेतलं.